दराचं नंतर बोलू, आधी लाल रेघ मोजा

प्रश्न : मखमलाबाद शिवारात वडिलांनी घेतलेल्या १२ बाय २५ मीटरच्या प्लॉटवर आमचं बैठं घर आहे. समोर लेआऊटचा ९ मीटरचा रस्ता. तो पुढे मळ्याच्या कुंपणाशी संपतो. आता तोच १८ मीटरचा डीपी रोड (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) होऊन पलीकडच्या रस्त्याला जोडला जाणार आहे. मोजणीला आलेली माणसं आमच्या बाजूला ७ मीटर आत लाल खुणा करून गेली, समोरच्यांकडे मात्र २ मीटर. घर कंपाउंडपासून ४ मीटर आत आहे, म्हणजे ३ मीटर घर जातं. पुढचा मळा अजून कुणी घेतलेला नाही, रस्ता कधी होईल ते माहीत नाही. एक मध्यस्थ रोज फोन करतो : आत्ताच संमती द्या, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळवून देतो, सक्तीनं गेलं तर निम्मंही हाती येणार नाही. वडील वारले, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. आई, मी आणि पुण्याला दिलेली बहीण. पुढच्या खोलीत बारा वर्षांपासून शिवणकाम करणारे भाडेकरू आहेत. सही करावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आज सही करू नका, आणि गप्पही बसू नका. महापालिकेच्या नगररचना विभागाला तुमच्याकडून एक साधं पत्र जाऊ द्या : ‘रस्त्यासाठी जागा देण्याबाबत आमची चर्चेची तयारी आहे, त्याआधी संयुक्त मोजणी करून जाणारं नेमकं क्षेत्र लेखी कळवावं.’ आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. पुढे कुणी ‘तुम्ही सहकार्य केलं नाही’ म्हणालं तर हाच कागद कामी येतो.

तुमच्या पत्रात दराची काळजी जास्त दिसते. आमच्या मते खरा प्रश्न त्या लाल रेघेचा आहे. ९ चा रस्ता १८ चा करायचा तर ९ मीटर वाढवायचे. मध्यरेषा तीच ठेवली तर दोन्हीकडे साडेचार-साडेचार मीटर. तुमच्याकडे ७ आणि समोर २, बेरीज ९ च येते, म्हणजे रुंदी बरोबर आहे, पण मध्यरेषा तुमच्या बाजूला अडीच मीटर सरकली आहे. या अडीच मीटरची किंमत बघा. ७ मीटर गेले तर १२ मीटरच्या रुंदीवर ८४ चौरस मीटर जागा जाते आणि घराची पुढची खोली सबंध जाते. साडेचार मीटर गेले तर ५४ चौरस मीटर जागा आणि घराचा जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे बहुतेक ओटा आणि सज्जा. एका बाबतीत घर राहतं, दुसऱ्या बाबतीत राहत नाही. दरात कितीही घासाघीस केलीत तरी एवढा फरक पडणार नाही.

रेघ सरकण्याची कारणं तीन असू शकतात. मंजूर आराखड्यातच रस्ता तसा दाखवलेला असेल, कारण पुढे मळ्यापलीकडचं वळण किंवा नाला सांभाळायचा असतो. किंवा जागेवरचा ९ मीटरचा रस्ताच मंजूर लेआऊटप्रमाणे नसेल. समोरच्या रांगेची किंवा तुमच्या रांगेची कंपाउंडं पुढेमागे बांधली गेलेली असतात आणि खुणा कंपाउंडपासून मोजल्या की चूक पुढे चालत जाते. तिसरं कारण सगळ्यात साधं : मोबाइलवरच्या नकाशावर आराखडा चढवून अंदाजानं रंग मारलेला असतो. आराखड्याचा नकाशा १:१०,००० प्रमाणाचा असेल तर कागदावरची १ मिलिमीटरची रेघ जमिनीवर १० मीटर भरते. अशा नकाशावरून कुणाच्या घराची खोली ठरवता येत नाही.

म्हणून शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे दोन गोष्टींसाठी अर्ज करा : तुमच्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (आराखड्यात जागा कशासाठी दाखवली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढाच तुकडा). मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात स्मार्ट सिटीच्या काळात नगररचना योजनेची आखणी झाली होती, तेव्हा तुमचा नंबर कुठल्या योजनेत दाखवला आहे का, हेही त्याच अर्जात विचारा. योजनेत रस्त्याची जागा प्लॉटांची फेरमांडणी करून काढतात, आणि मग खालचं बरंचसं गणित लागू होत नाही. रस्त्याच्या आखणीचा नकाशा आणि या खरेदीचा प्रस्ताव कुठल्या टप्प्यावर आहे हे मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत.

मोजणी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयामार्फत व्हायला हवी, महापालिकेचा अभियंता आणि तुम्ही दोघं हजर असताना. त्या दिवशी रजा काढा. मोजणीदार कुठून सुरुवात करतो ते पाहा. शिवेचा दगड, लेआऊटच्या कोपऱ्याची हद्दखूण किंवा जुन्या मोजणीतली पक्की खूण असेल तर ठीक. तुमच्या कंपाउंडची भिंत किंवा डांबराची कड धरली तर तिथेच हरकत नोंदवा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. मोजणीनंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आल्याशिवाय क्षेत्राचा आकडा कुठेही मान्य करू नका. मंजूर आराखड्यातच रेघ ७ मीटरवर असेल तर ती हलवायला नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यात सूचना, महिन्याभराच्या हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी येते. समोरची रांगही हरकत घेणारच, त्यामुळे त्या वाटेवर फार भरवसा ठेवू नये. रेघ आराखड्यात मधोमध असेल आणि खुणाच चुकल्या असतील, तर ‘क’ प्रत जोडलेलं एक पत्र पुरतं.

याच वेळी घरातल्या फायलीतून मंजूर बांधकाम नकाशा काढा. त्याच्या कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो : भूखंडाचं एकूण क्षेत्र, वजा रस्त्याखालचं क्षेत्र, निव्वळ क्षेत्र, अनुज्ञेय चटईक्षेत्र (म्हणजे एकूण किती बांधता येईल). रस्त्याखालचं क्षेत्र वजा करून पुन्हा चटईक्षेत्रासाठी मिळवलेलं दिसलं, तर त्या पट्ट्याचा मोबदला चटईक्षेत्राच्या रूपात आधीच घेतला गेला आहे, आणि दुसऱ्यांदा मिळणार नाही. लेआऊट मंजूर होताना मूळ मालकानं तो पट्टा महापालिकेला लिहून दिला आहे का, हेही लेआऊटच्या मंजुरीपत्रातल्या अटींमध्ये बघा. टीडीआरची प्रकरणं या तक्त्यापाशी अडकतात, आणि तोवर माणसानं त्या पैशाचे बेत केलेले असतात.

आता सक्तीचं. मध्यस्थ सांगतो ते बरोबर नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२६ मध्ये आराखड्यातली जागा घेण्याचे तीन मार्ग दिलेत : रक्कम ठरवून करारानं, जमिनीच्या बदल्यात चटईक्षेत्र किंवा टीडीआर देऊन, आणि शासनाकडे प्रस्ताव पाठवून २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं. तिसरा मार्ग सक्तीचा, पण त्यातच रक्कम कशी काढायची ते कायद्यानं बांधून दिलंय. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, दर आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांमधल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यातला जास्त असेल तो धरायचा. त्यात बांधकाम, बोअर, झाडं यांचं मूल्य मिळवायचं आणि या एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम द्यायची. शिवाय बाजारमूल्यावर ठरलेल्या तारखेपासून निवाडा किंवा ताबा यातलं जे आधी होईल तोवर वर्षाला १२ टक्के.

गणितापुरता जमिनीचा दर २०,००० रुपये चौरस मीटर आणि जाणाऱ्या बांधकामाचं मूल्य ६ लाख धरू. ८४ चौरस मीटरचे १६ लाख ८० हजार, बांधकामासह २२ लाख ८० हजार, दिलासा रकमेसह ४५ लाख ६० हजार, वर ते १२ टक्के. तुमचा खरा दर रेडीरेकनरमधून आणि नोंदणी कार्यालयातल्या सूचीवरून काढा आणि हा आकडा कागदावर मांडून ठेवा. करारानं देताना याच्या खाली उतरायचं काही कारण नाही. उतरायचं असेल तर कशाच्या बदल्यात उतरतो, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे; पैसे लवकर मिळणं हे एक कारण असू शकतं. सक्तीच्या मार्गात तोटा आहे तो वेळेचा. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, अधिसूचना, मोजणी, निवाडा यात काही वर्षं सहज जातात. दुसऱ्या बाजूनं, निवाडा झाला तर रक्कम हरकत राखून स्वीकारता येते आणि याच भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याची मागणी करता येते; निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहाच आठवड्यांची असते. करार केलात की ते दार बंद.

टीडीआरबद्दल थोडं सावकाश. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे दाटवस्तीबाहेरच्या जागेला दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर मिळतो, दाटवस्तीत तिप्पट. तुमचं क्षेत्र दाटवस्तीबाहेर असेल तर ८४ चे १६८ चौरस मीटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण हा टीडीआर जिथे वापरला जाईल तिथल्या रेडीरेकनर दराशी तो तोलला जातो. तुमचा दर २०,००० आणि वापरणाऱ्या बिल्डरच्या जागेचा दर ४०,००० असेल तर १६८ मीटर खर्ची पडून त्याला ८४ च मीटर बांधता येतात. म्हणून महागड्या भागातला बिल्डर तुम्हाला मीटरमागे कमी देणार, आणि स्वस्त भागात मुळात मागणी कमी. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला तो वापरताच येत नाही. विकताना दस्त आणि मुद्रांक शुल्क आलंच. शिवाय टीडीआर जमिनीचा असतो. तुमची पुढची खोली, कंपाउंड, बोअर यांचं काय, हे वेगळं लेखी विचारा. ‘तेही त्यातच आलं’ या उत्तरावर समाधान मानू नका.

एवढं असूनही टीडीआर टाकाऊ नाही. पुढेमागे जुनं घर पाडून नव्यानं बांधायचा विचार असेल, तर रस्त्यात गेलेल्या जागेचं चटईक्षेत्र उरलेल्या प्लॉटवरच वापरायला मिळतं का ते तपासा. उरलेला २१६ चौरस मीटरचा प्लॉट १८ मीटरच्या रस्त्यावर आला तर त्याची बांधकामाची मर्यादाही वाढते. पण हे रस्ता झाल्यावर. मळा ताब्यात येईपर्यंत तो कागदावरच १८ मीटरचा आहे. मध्यस्थाला मुखत्यारपत्र मात्र देऊ नका, नोटरीचंही नको आणि रजिस्टरही नको. टीडीआरचं प्रमाणपत्र मालकाच्या नावानं निघतं. अर्ज मालकानं आणि वास्तुविशारदानं करायचा असतो, त्यासाठी ‘सगळे हक्क’ कुणाच्या हाती द्यावे लागत नाहीत.

घर कापण्याबद्दल. बैठं घर आरसीसीचं असेल आणि पुढची खांबांची ओळ त्या ३ मीटरमध्ये येत असेल, तर तुळया आणि स्लॅब नुसते तोडून चालत नाही. स्लॅबचा पुढचा भाग आधाराशिवाय लोंबतो. नवीन खांब, त्याचा पाया, तुळईत सळया गुंतवणं, हे सगळं आधी करून मग कापायचं. भारवाही भिंतींचं असेल तर गच्चीचा जिना कुठे आहे ते बघा, तो पुढे असेल तर गच्चीही गेली. संरचना अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्या : कापल्यावर घर राहण्याजोगं राहतं का, आणि मजबुतीकरणाला काय खर्च येईल. हा खर्च मोबदल्यात मागता येतो. राहण्याजोगं राहत नसेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम ९४ तुमच्या बाजूनं आहे. घराचा काही भागच घ्यायचा म्हटला तर मालक ‘घ्यायचं तर सगळं घ्या’ अशी मागणी करू शकतो. वाटाघाटीच्या टेबलावरही ही मागणी पहिल्या दिवशीच ठेवा, नंतर सुचलं म्हणून ठेवलेली मागणी कुणी मनावर घेत नाही.

बांधकामाचं मूल्य ठरवताना घसारा वजा करतात, त्यामुळे जे मोजलं जात नाही तेच जास्त नडतं. ओटा, पत्र्याची शेड, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, बोअरची खोली आणि केसिंग, फाटक, पेव्हर ब्लॉक, नारळाची झाडं – सगळ्याचे मापासह फोटो काढा आणि शासनमान्य मूल्यांकनकाराकडून तुमचा स्वतंत्र अहवाल करून घ्या. पूर्णत्वाच्या दाखल्यात नसलेलं, मागाहून वाढवलेलं बांधकाम असेल तर त्याची भरपाई नाकारली जाते, हे आधीच गृहीत धरा.

आता ताबा. २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरभर रस्त्यांची घाई आहे आणि ‘आगाऊ ताबा द्या, कागद मागून होतील’ ही विनंती तुमच्याही दारी येईल. ताबापावतीचा मसुदा एकेक शब्द वाचा. ‘विनाअट’, ‘विनामोबदला’, ‘स्वखुशीने’, ‘भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही’ यातलं काहीही दिसलं तर ते खोडून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. त्याऐवजी मोजणीचा क्रमांक, ‘क’ प्रतीप्रमाणे क्षेत्र, मोबदल्याचा प्रकार, रक्कम, आणि कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली व्यवहार होतोय ते लिहिलेलं असावं. ताबा आणि मोबदला एकाच दिवशी. त्यासाठी वाटाघाटीच्या दराला स्थायी समितीची मंजुरी लागते; महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७७ मध्ये तसं आहे. ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागा. मंजुरी नसेल तर समोर बसलेल्या अधिकाऱ्यानं सांगितलेला दर फक्त त्याचं मत आहे.

रस्त्याचं काम लांबणीवर पडणार असल्यामुळे तुमच्या करारात आणखी तीन वाक्यं हवीत. प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत पट्ट्याची राखण कोणी करायची. नाहीतर तुमच्या दारापुढे ट्रॅव्हल्सच्या गाड्या आणि राडारोडा येऊन पडतो. नवीन हद्दीवर कंपाउंड कोण बांधून देणार. आणि नळजोडणी, ड्रेनेज, वीजमीटर हलवण्याचा खर्च कोणाचा. आणि एक गोष्ट समजूनच जागा द्या : करारानं विकलेली जागा, पुढे रस्ता रद्द झाला तरी आपोआप परत येत नाही.

‘मग आम्ही थांबलोच तर?’ नाशिकचा सुधारित आराखडा २०१७ चा. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक हक्काचे कागद जोडून नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. तुमची १० वर्षं २०२७ मध्ये भरतात. रस्ता आधीच्या आराखड्यात होता म्हणून मुदत त्या जुन्या आराखड्यापासून मोजता येईल असं समजू नका. नोटिशीआधीच सुधारित आराखडा आला तर मोजणी नव्यानं सुरू होते. महापालिका खरेदीच्या तयारीत असताना ही नोटीस म्हणजे बहुधा त्यांनाच जागं करणं आहे. रस्ता सुटेल या आशेनं थांबू नका. रेघ, मूल्यांकन आणि वारस नोंद नीट व्हायला वेळ हवा म्हणून थांबत असाल तर जरूर थांबा.

आयकराचंही करारातल्या कलमावर ठरतं. २०१३ च्या कायद्याखाली झालेल्या निवाड्याला किंवा कराराला कलम ९६ ची करमाफी आहे, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २५ ऑक्टोबर २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकात तेच स्पष्ट केलंय. साध्या खरेदीखतानं विकलंत तर ही माफी गृहीत धरता येत नाही. टीडीआर विकून आलेल्या पैशाचा हिशेब त्याहून वेगळा. मसुदा सनदी लेखापालाला सहीच्या आधी दाखवा.

शेवटी घरातलं, जे खरं तर याच आठवड्यात सुरू करायला हवं. उताऱ्यावर वडिलांचं नाव असेपर्यंत तुमच्या एकट्याच्या संमतीला किंमत नाही. जागा त्यांची स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आई, तुम्ही आणि बहीण यांचा प्रत्येकी तिसरा हिस्सा. वारस नोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे करा. नोटिशीचे १५ दिवस गेल्यावर मंडल अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मिळकत सिटी सर्व्हेला गेली असेल तर तिथे मिळकत पत्रिकेवर. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची घाई करू नका. मोबदला यायच्या तोंडावर घेतलेली हक्कसोड पुढे भांडणाला कारण होते. तिचा हिस्सा थेट तिच्या खात्यात जाईल असं करारात लिहा, आणि दस्ताला तिला नाशिकला बोलवा.

भाडेकरूंना हे सगळं तुमच्याकडूनच कळू द्या, लाल रेघेकडे बघून त्यांनी अंदाज बांधायला नको. महापालिकेला जागा मोकळी हवी असते आणि टीडीआरलाही ती बोजाविरहित लागते, त्यामुळे त्यांची लेखी संमती लागणारच. बारा वर्षांच्या भाडेपावत्या काढून ठेवा, दुसरी जागा शोधायला किती महिने लागतील ते त्यांना विचारा, आणि तेवढी मुदत ताब्याच्या तारखेत आधीच धरा.